शेवटच्या राक्षसाची अट

आमचा ड्रॅगन दुसऱ्याच राउंडमध्ये मेला. चौदा महिने, एका आड एक शनिवारी, पाच जण माझ्या नाशिकच्या घरी जेवणाच्या टेबलाभोवती बसून त्याच्यापर्यंत पोचले होते. त्यानं जाळलेली गावं त्यांनी पाहिली होती, त्याच्या नावानं रडायची थांबणारी पोरं पाहिली होती. अखेर तो डोंगराच्या पोटातून बाहेर आला, मी आवाज खोल नेऊन त्याचं एकच वाक्य बोलले, आणि वीस मिनिटांत तो आडवा झाला. कुणी ओरडलं नाही, कुणी टाळी दिली नाही. योद्धा खेळणाऱ्या मित्रानं फासे गोळा करता करता विचारलं, "झालं?" तो प्रश्न बरेच दिवस माझ्या मागे लागला होता.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनीव्हा नावाच्या लहानशा गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आणला. पहिली आवृत्ती फक्त एक हजार प्रतींची होती. या खेळाला पट लागतोच असं नाही. एक जण गोष्ट सांगतो, त्याला गेम मास्टर म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात आणि आपलं पात्र आता काय करतं ते सांगतात. ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. पात्राचं सगळं गाठोडं, म्हणजे ताकद, जखमा, हत्यारं, पिशवीतला दोर, कंदिलाचं तेल, एका कागदावर लिहिलेलं असतं. महिनोन्‌महिने चाललेल्या गोष्टीच्या, म्हणजे कॅम्पेनच्या, टोकाला जो मोठा शत्रू उभा असतो, तो 'बॉस'. त्याच्याशी होणारी झुंज नीट बांधणं हे गेम मास्टरचं सगळ्यात अवघड काम आहे, आणि मी त्यात सपशेल हरले होते.

हरण्यामागचं गणित साधं आहे. प्रत्येक राउंडमध्ये प्रत्येकाला एक पाळी मिळते. ते पाच, तो एक. त्याचा एक वार होईपर्यंत त्याच्यावर पाच होतात. तो कितीही बलाढ्य असो, कोल्ह्यांच्या टोळीत सापडलेल्या रेड्यासारखी त्याची गत होते. खेळ लिहिणाऱ्यांना हे कधीच कळलेलं आहे. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत त्यांनी एकट्यानं लढणाऱ्या शत्रूंचा वेगळा वर्गच केला, आणि शत्रूची निम्मी ताकद संपली की तो 'रक्तबंबाळ' झाल्याचं जाहीर करायची पद्धत आणली. त्या क्षणाला तो चवताळतो आणि नवी चाल काढतो. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतल्या प्रौढ लाल ड्रॅगनकडे २५६ हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, आहेत. दुसऱ्यांच्या पाळ्या संपता संपता तो तीन जादा हालचाली करू शकतो, तीनदा आपलं अपयश यशात फिरवू शकतो, आणि त्याची गुहासुद्धा त्याच्या बाजूनं लढते: जमीन हादरते, लाव्हा उसळतो. २०१३ च्या 'थर्टीन्थ एज' या खेळात तर टेबलाच्या मधोमध एक मोठा फासा ठेवतात आणि दर राउंडला त्यावरचा आकडा एकानं वाढवतात. तेवढी भर खेळाडूंच्या प्रत्येक वारात पडते, त्यामुळे लढाई जितकी लांबते तितकी तापत जाते. ही युक्ती मला फार आवडते. घड्याळ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं.

दुसऱ्या कॅम्पेनमध्ये मी हे सगळं वापरलं, आणि भीतीपोटी शत्रूचे हिट पॉइंटही दुप्पट केले. झुंज तीन तास चालली. पण त्यातले दोन तास नुसती वजाबाकी होती. चौथ्या राउंडनंतर निकाल सगळ्यांना दिसत होता, उरला होता तो हिशेब. जादूगार खेळणारी मैत्रीण मोबाइलवर भाजीची ऑर्डर देत होती. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

त्यानंतरच्या होळीला मी काठीला गेले. खेळाचा काही संबंध नव्हता. एका छायाचित्रकार मैत्रिणीला सोबत हवी होती, म्हणून गेले.

काठी हे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातलं सातपुड्याच्या कुशीतलं गाव. अक्कलकुव्याहून मोलगीकडे निघालं की देवगोईचा घाट लागतो आणि खालचा खानदेश मागे पडतो. काठी हे जुन्या मेवासी संस्थानांपैकी एक. इथली राजवाडी होळी इ.स. १२४६ पासून चालत आल्याचं सांगतात. पौर्णिमेच्या दुपारपासून माणसं डोंगर उतरून येऊ लागतात. बाजारात गूळ, फुटाणे आणि साखरेचे हार-कंगन असतात, आणि ढोल इतके मोठे की ते वाजवणाऱ्या माणसाचे पायच तेवढे दिसतात. होळीसाठी सत्तर फुटांच्या आसपासचा बांबू लागतो. तो गुजरातच्या हद्दीतल्या जंगलातून खांद्यावरून आणतात, आणि त्याच्यासाठीचा खड्डा कुदळ-पहार न लावता हातांनी उकरतात.

रात्र चढते तसे नाचणारे येऊ लागतात. बावा आणि बुध्या म्हणतात त्यांना. डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप, अंगभर रंगाची नक्षी, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं. ही माणसं नाचायला म्हणून थेट घरातून निघत नाहीत. आधीचे कित्येक दिवस त्यांनी पालनी पाळलेली असते: खाटेवर निजायचं नाही, अंघोळ करायची नाही, संसारापासून लांब राहायचं. कुणी नवसासाठी पाळतं, कुणी गावासाठी. मग रात्रभर त्या उभ्या बांबूभोवती फेर चालतो. ढोल थांबत नाहीत. पावरीचा सूर मध्येच वर येतो आणि पुन्हा ढोलात बुडतो. आणि होळी पेटते ती पहाटे.

मी शहरात वाढले. आमच्याकडे संध्याकाळी सात वाजता होळी पेटते आणि आठ वाजता पुरणपोळी ताटात असते. इथं दहा तास काहीच 'घडत' नव्हतं, तरी हजारोंच्या त्या गर्दीत मला कंटाळलेला चेहरा दिसला नाही. मी आधी ते ढोलांच्या माथी मारलं. मग बांबूकडे बघता बघता दुसरंच काही लक्षात आलं. तो बांबू दुपारपासून सगळ्यांना दिसत होता. तो जळणार आणि पडणार हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. कुठल्या बाजूला पडणार, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि त्या वर्तुळात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकानं तिथं यायच्या आधीच काहीतरी सोडलेलं होतं. पहाटे ज्वाळा वर चढली तेव्हा तिच्यामागे एका रात्रीची नाही, कितीतरी दिवसांची किंमत मोजलेली होती.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. काठीची होळी ही झुंज नाही. तिथं कुणी राक्षस मरत नाही आणि कुणी जिंकत नाही. तो त्या लोकांचा देवधर्म आहे. बावा-बुध्यांना उचलून आपल्या खेळातले चमत्कारिक प्राणी करणं मला मान्य नाही. आमच्या ग्रुपमधल्या एकानं तसं सुचवलं तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. मी तिथून आणला तो रात्रीचा बांधा. सोंगं तिथंच ठेवून आले.

परतीच्या वाटेवर डोक्यात जुन्या गोष्टी फिरू लागल्या. आपल्याकडचे शत्रू कधी हिट पॉइंट संपून मरतात का? हिरण्यकशिपू घ्या. दिवसा नाही, रात्री नाही. घरात नाही, बाहेर नाही. माणसाकडून नाही, पशूकडून नाही. त्याच्यासमोर तलवार चालवणं हा वेळेचा अपव्यय आहे. त्या अटींच्या मधली फट शोधावी लागते, आणि ती फट संध्याकाळी, उंबरठ्यावर, मांडीवर सापडते. रक्तबीजाचं तर आणखी भयंकर. जितका जोरात मारावा तितका तो वाढतो, कारण सांडलेल्या प्रत्येक थेंबातून नवा रक्तबीज उभा राहतो. म्हणजे जे हत्यार आतापर्यंत कामाला आलं तेच आता शत्रूच्या कामाला येतं, आणि कालीनं रक्त जमिनीवर पडूच दिलं नाही तेव्हा तो संपला. जरासंधाला भीम उभा फाडतो तरी ती शकलं पुन्हा जुळतात, मग कृष्ण एक काडी चिरून तिचे तुकडे उलटसुलट टाकून दाखवतो. खेळाच्या भाषेत सांगायचं तर खेळाडू अडकल्यावर गेम मास्टरनं दिलेली खूण ती हीच, आणि तीही न बोलता.

अट ऐकलेली असली पाहिजे, हे यातलं मर्म आहे. हिरण्यकशिपूचा वर कथेच्या सुरुवातीलाच सांगून टाकतात. झुंजीच्या मध्येच कुणी म्हणालं की "अहो, याला फक्त संध्याकाळी मारता येतं," तर ती फसवणूक होते. जस्टिन अलेक्झांडर नावाचा खेळ-लेखक म्हणतो की खेळाडूंना जे कळायलाच हवं त्याच्या निदान तीन खुणा पेराव्यात, कारण पहिली ते पाहणार नाहीत, दुसरीकडे दुर्लक्ष करतील आणि तिसरीचा भलताच अर्थ लावतील. आमच्या आज्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. तरी कहाणीत प्रत्येक गोष्ट त्या तीनदा सांगत.

निकाल माहीत असला म्हणून उत्कंठा मरत नाही, हेही आपल्याकडे जुनं आहे. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यात जड मुखवटे घेऊन रात्री रात्री सोंगं नाचतात आणि शेवटी देवी आणि महिषासुर समोरासमोर येतात. देवी जिंकणार यात शंका कुणाला असते? तरी गाव जागं राहतं. खंडोबाच्या कथेत मणी आणि मल्ल असे दोन दैत्य, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून चंपाषष्ठीपर्यंत सहा दिवसांची लढाई, आणि शेवट दोघांचे दोन. मणी शरण येतो, आपला पांढरा घोडा देतो आणि देवाजवळ जागा मागतो. ती त्याला मिळते. मल्ल मरतानाही सगळ्यांचा नाश मागतो, म्हणून त्याचं शिर पायरीशी येतं आणि भाविक त्यावर पाय देऊन वर चढतात. दोन्ही लढायांत कोण किती वेळा वार चुकला हे कुणी लक्षात ठेवत नाही. मरताना कुणी काय मागितलं, एवढं मात्र शतकानुशतकं लक्षात राहिलं आहे.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मध्येही राक्षस आहे, थेट याच नावाचा. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या पुस्तकात तो आहे: वाघाचं डोकं, अंगात उंची कपडे. पुढच्या चित्रांत त्याचे पंजेही उलटे झाले. तो आपल्या पुराणांतून थेट गेला असं मला कित्येक वर्षं वाटत होतं. खरं तर तो गेला १९७४ च्या 'कोल्चॅक : द नाइट स्टॉकर' या अमेरिकी टीव्ही मालिकेच्या एका भागातून. त्यातला राक्षस, तुमचा ज्याच्यावर विश्वास आहे त्याचा चेहरा घेऊन समोर येतो, आणि मंत्रानं भारलेल्या बाणानंच मरतो. हे कळल्यावर मला राग यायला हवा होता, पण आला नाही. एवढ्या फेऱ्यातून जाऊनही त्याच्यासोबत अट गेली होती. तप गळालं, वर गळाला, रावणाची वीणा गळाली, पण 'याला असं मारता येत नाही, असंच मारता येतं' हे शाबूत राहिलं. शिवाय विश्वासातल्या माणसाचा चेहरा ही तर फार मोठी गोष्ट आहे. त्यात पहिला वार कुणावर करायचा हाच प्रश्न होऊन बसतो.

माझं तिसरं कॅम्पेन मात्र उभं राहिलं ते एका डोंगरामुळे. काठीच्या पलीकडे, अक्राणीच्या बाजूला अस्तंभ्याचं शिखर आहे, उंची १,३२५ मीटर. तिथं अश्वत्थामा राहतो अशी श्रद्धा आहे. लोक त्याला अस्तंबा ऋषी म्हणतात. दिवाळीत, धनत्रयोदशीला, त्याची यात्रा भरते. खानदेशातून, गुजरातेतून, मध्य प्रदेशातून जथेच्या जथे येतात आणि डोंगर चढतात. कपाळावरची भळभळती जखम घेऊन तो डोंगरात फिरतो आणि तिच्यावर घालायला तेल मागतो, वाट चुकलेल्याला रस्ताही दाखवतो, असं सांगतात.

महाभारताच्या सौप्तिकपर्वात या माणसाची सगळ्यात काळी रात्र आहे. युद्ध संपलंय, दुर्योधन मरणपंथाला लागलाय, आणि अश्वत्थामा झोपलेल्या छावणीवर चालून जातो. छावणीच्या दाराशी त्याला एक अक्राळविक्राळ भूत आडवं येतं. अश्वत्थामा त्याच्यावर बाण सोडतो, शक्ती फेकतो, खड्ग चालवतो, गदा टाकतो. ते सगळं गिळतं. हात रिकामे होतात. मग समोर वेदी दिसते, तिच्यात आग असते, आणि तो स्वतःलाच त्या आगीत अर्पण करतो. तेव्हा वाट मोकळी होते. आत जाऊन तो जे करतो ते अक्षम्य आहे. द्रौपदीचे पाचही मुलगे त्या रात्री मारले जातात. पुढे त्याच्या कपाळावरचा मणी काढून घेतला जातो आणि तीन हजार वर्षं एकट्यानं भटकण्याचा शाप त्याच्या वाट्याला येतो. मारून टाकणं त्यापेक्षा सोपं झालं असतं.

सगळी हत्यारं गिळणारा दारातला राखणदार. शत्रू कसा असावा हे याहून नेमकं मला कुठल्याही नियमपुस्तकात सापडलेलं नाही.

तिसरं कॅम्पेन अकरा महिने चाललं. गोष्ट एका सेनापतीची होती. पहिल्याच सेशनला त्यानं झोपलेलं गाव कापून काढलं होतं आणि खेळाडू त्याच्या मागावर होते. तो एका खिंडीपलीकडे दडला होता आणि खिंडीत राखणदार उभा होता. राखणदाराला मी एकही हिट पॉइंट दिला नाही. त्याला लागलेलं प्रत्येक हत्यार त्याच्या अंगात जातं आणि पुढच्या पाळीला तोच ते चालवतो, एवढाच नियम. खुणा तीन पेरल्या. तिसऱ्या सेशनला जात्यावर बसलेली एक बाई गाता गाता म्हणते की खिंड भरल्या हाताला दिसत नाही. सहाव्याला एक उघडंवाघडं पोर शेळीच्या मागे खिंडीतून आरपार जातं. नवव्याला तिथून परत आलेला एक म्हातारा शिपाई भेटतो. त्याच्या कमरेला रिकामं म्यान असतं आणि तो ते कुणाला हात लावू देत नाही.

खिंडीच्या मधोमध मी एक जळता खांब उभा केला. पहाट व्हायला सहा राउंड. पहाट झाली की खिंड मिटणार. दर राउंडच्या शेवटी मी सगळ्यांसमोर दोन फासे टाकणार: पहिला, खांब आता पडतो का हे सांगणारा, दुसरा आठ बाजूंचा, म्हणजे आठ दिशा. आणखी एक गोष्ट मी आधीच सांगून ठेवली होती. त्या रात्री कागदावरून जे जाईल ते पेन्सिलनं खोडायचं नाही, पेननं काट मारायची.

पहिल्या राउंडला योद्ध्यानं तलवार मारली. ती आत गेली. दुसऱ्याला जादूगारणीनं आगीचा गोळा फेकला आणि राखणदाराच्या छातीत तांबडं काहीतरी धगधगू लागलं. तिसऱ्या राउंडला त्यानं ती दोन्ही परत केली. धनुर्धारी पडला, पुजारीण त्याच्याकडे धावली. टेबलावर कुणी बोलत नव्हतं. चोर खेळणारी आमची दंतवैद्य मैत्रीण आपल्या वहीची जुनी पानं उलटत होती. तिसऱ्या सेशनच्या पानावर तिचं बोट थांबलं, मग नवव्याच्या. तिच्या पात्राकडे मेलेल्या भावाचा सुरा होता. पहिल्या दिवसापासून तिनं तो कधी वापरला नव्हता, नुसता जवळ ठेवला होता. तिनं पेन उचललं, बराच वेळ हातात धरलं आणि त्या ओळीवर काट मारली. "मी सुरा खांबाच्या आगीत टाकते आणि त्याच्याकडे चालत जाते."

राखणदाराला ती दिसेनाशी झाली.

चौथ्या राउंडच्या शेवटी खांब पडला. ईशान्येला, जिथं पुजारीण गुडघे टेकून बसली होती. तिला धनुर्धाऱ्यानं ओढून काढलं, पण त्यासाठी त्याला धनुष्य सोडावं लागलं. त्यामुळे सुटल्याचं त्याला नंतर कळलं. पुजारिणीनंही देवाचा रुप्याचा ताईत आगीत टाकला. जादूगारणीनं अकरा महिने जमवलेल्या मंत्रांच्या वहीवर काट मारली, आणि ती मारताना तिचे डोळे भरून आले होते. उरला योद्धा. त्याची तलवार तर पहिल्याच राउंडला गेली होती, पण पाठीला ढाल होती, बापाची. सहाव्या राउंडला तो म्हणाला, "मी नाही टाकत. तुम्ही जा." मी त्याला विचार बदलायला वेळ दिला. त्यानं बदलला नाही. चार जण आत गेले, पहाट झाली आणि खिंड मिटली. तो बाहेर, मिटल्या दगडाला पाठ लावून बसला. त्यानं खुर्चीही थोडी मागे घेतली.

आत सेनापती एकटा होता. कपाळाला जखम, वाहती. मी सांगितलं की हा मरत नाही, आणि तुमच्याकडे मारायला काही नाही. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं आणि जखमेवर घालायला थोडं तेल मागितलं.

घड्याळात रात्रीचे दीड वाजून गेले होते. चौघांपैकी कुणालाच त्याला क्षमा करायची नव्हती, हे मला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. मलाही नव्हती करायची. बऱ्याच वेळानं आमच्या चोरानं आपला कागद पुढे ओढला. सामानाच्या यादीत, दोर आणि काडेपेटीच्या मध्ये, पहिल्या सेशनपासून एक ओळ होती : तेल, ३ बाटल्या. तिनं त्या तीनवर काट मारली आणि शेजारी दोन लिहिलं.